आश्रमशाळेवरचे संशोधन खुले करताना: शुल्क घेणारे जर्नल की रिपॉझिटरी?

नंदुरबार जिल्ह्यातील आश्रमशाळांमध्ये सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराने ग्रस्त मुलांचे आजारपण आणि त्यांची शाळेतील हजेरी यांचा संबंध तपासणारा अभ्यास मी काही वर्षांपूर्वी पूर्ण केला, तेव्हा तो सर्वांसाठी खुला करायचा हे ठरलेलेच होते. कुठे करायचा, एवढाच प्रश्न होता. पीएचडीचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, जातोच. यूजीसीच्या नियमांनी ते बंधनकारक असल्यामुळे त्यात निवडीला जागा नाही. निवड करावी लागते ती प्रबंधातून निघणाऱ्या लेखाची, प्रश्नावलीची आणि आकडेवारीची. मार्ग दोन: लेखकाकडून शुल्क घेऊन लेख सर्वांना मोफत वाचू देणारे जर्नल, किंवा संशोधन आपणच ठेवून खुले करायचे ऑनलाइन भांडार, म्हणजे रिपॉझिटरी. मी दोन्ही मार्गांनी जाऊन आलो आहे. आरोग्य आणि शिक्षण यांच्या सीमेवर काम करणारे खानदेशातील जे संशोधक आज याच वळणावर असतील, त्यांच्यासाठी माझा अनुभव मांडतो.

जर्नलची बाजू आधी सांगतो, कारण तिचे ऋण माझ्यावर आहे. माझ्या मूळ तक्त्यांत मी सिकलसेलचे वाहक आणि प्रत्यक्ष रुग्ण यांना एकाच रकान्यात घातले होते. वाहक मुलाला सहसा काहीच त्रास नसतो. रुग्ण मुलाला मात्र थंडी वाढली किंवा अंगातले पाणी कमी झाले की वेदनेचे झटके येतात आणि तो आठवडा-आठवडा वर्गात दिसत नाही. दोघांना एकत्र मोजल्यामुळे गैरहजेरीचा खरा संबंध फिका पडत होता. हे जर्नलने लेख तपासायला दिलेल्या एका अनामिक परीक्षकाने दाखवून दिले, आणि त्यामुळे माझा संपूर्ण तिसरा तक्ता बदलला. रिपॉझिटरीत अशी तपासणी होत नाही. आपण जे ठेवतो, ते तसेच राहते. शिवाय पदोन्नतीच्या वेळी जर्नलमधला लेख मोजला जातो, आणि वैद्यकीय अधिकारी शोध घेतात तोही बहुधा पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर.

शुल्काचा भार मात्र हलका नाही. अनेक मोठ्या प्रकाशकांची आपोआप मिळणारी सवलत सर्वांत कमी उत्पन्नाच्या देशांसाठी असते आणि भारत सहसा त्यात बसत नाही. स्वतंत्र अर्ज केल्यास शुल्क कमी होऊ शकते, पण तो अर्ज बहुधा लेख पाठवतानाच करावा लागतो. मला हे उशिरा कळले आणि पैसे पदरचे गेले. तरीही केवळ पैशासाठी माझे मत फिरले नसते.

मत फिरले ते परवान्यामुळे. लेख प्रसिद्ध झाल्यावर धडगावकडच्या एका आश्रमशाळेतील अधीक्षिकाबाईंनी विचारले, "सर, यातलं आमच्या कामाचं मराठीत मिळेल का?" मुलाला झटका येण्यापूर्वीची लक्षणे, त्या वेळी पाणी किती आणि कसे द्यायचे, रात्री पांघरूण कोणते, दवाखान्यात कधी हलवायचे, एवढेच त्यांना हवे होते. मी आठ पानांची पुस्तिका करायला घेतली आणि लेखाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेला परवाना तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. तो क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे खुल्या वापरासाठीच्या ठरावीक परवान्यांपैकी एक, पण बिगर-व्यावसायिक आणि 'नो डेरिव्हेटिव्ह्ज' प्रकारचा होता. म्हणजे लेख कोणीही वाचावा, जसाच्या तसा वाटावा. पण त्याचे भाषांतर किंवा रूपांतर करून ते वाटू नये. लेखक मीच असलो, तरी प्रकाशनाचे एकमेव हक्क करारात प्रकाशकाला देऊन बसलो होतो. परवानगीसाठी पत्रव्यवहार सुरू केला. उत्तर येईपर्यंत हिवाळा सरला, आणि पुस्तिका ज्या महिन्यांत लागणार होती ते महिने हातातून गेले. शुल्क भरून खुला केलेला लेख ज्यांच्या शाळांमधून उभा राहिला, त्यांच्याच भाषेत तो मला नेता येत नव्हता. ही गोष्ट मला आजही लागते.

त्यानंतर उरलेली सामग्री मी झेनोडोवर ठेवली. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेने २०१३ पासून चालवलेली ही रिपॉझिटरी विनाशुल्क आहे, प्रत्येक नोंदीला डीओआय (कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) देते आणि परवाना आपल्याला निवडू देते. मी 'सीसी बाय' निवडला: नाव द्या, मग भाषांतर करा, छापा, वाटा. तिथे माझी प्रश्नावली मराठीत आहे आणि तिच्यासोबत अहिराणी रूपही आहे. जर्नलला इंग्रजीखेरीज काही नको होते, पण पालकांना "सांधेदुखी होते का?" असे विचारल्यावर नाही म्हणणारे अनेक जण "हातपाय दुखतस का?" म्हटल्यावर मोकळेपणाने बोलले, हा माझ्या मते अभ्यासाचाच भाग होता. पुढे एका विद्यार्थ्याने चुकीचा क्रमांक लक्षात आणून दिला, तेव्हा मी दुसरी आवृत्ती चढवली. जुनी पुसली गेली नाही, आणि दोन्हींना वेगळे डीओआय मिळाले.

एक काळजी मात्र घ्यावीच लागते. तीस घरांच्या पाड्यावर मुलाचे वय, लिंग आणि इयत्ता एवढे कळले तरी मूल कोणते ते गावाला समजते, आणि सिकलसेलचे नाव लागलेल्या मुलीच्या लग्नापर्यंत ते पोहोचते. म्हणून पाड्यांची नावे मी काढून टाकली आणि मूळ आकडेवारीची फाइल प्रतिबंधित ठेवली. नोंद सर्वांना दिसते, फाइल मागणाऱ्याला कारण विचारून दिली जाते. मराठी मजकूर जुन्या फाँटमध्ये असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये आणावा, नाहीतर शोधणाऱ्याला तो सापडणारच नाही.

शासकीय संस्थांना सशुल्क जर्नल वाचायला देणारी केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाल्यावर खुल्या प्रकाशनाची गरज उरली नाही, असे काही सहकारी म्हणतात. शासकीय उच्च शिक्षणसंस्थांतील वाचकांपुरते ते कदाचित खरे असेल. आश्रमशाळेतील शिक्षक, आरोग्य सेविका आणि आशाताई यांच्यापर्यंत ती सोय पोहोचत नाही.

ज्यांची पदोन्नती अडली आहे, किंवा ज्यांच्या निष्कर्षावर औषधोपचार ठरणार आहेत, त्यांनी जर्नल टाळावे असे मी म्हणणार नाही. परीक्षकाने माझी चूक पकडली हे मी विसरलेलो नाही. फक्त करारावर सही करण्यापूर्वी परवान्याची ओळ वाचावी, 'सीसी बाय' मागून पाहावा आणि स्वीकृत हस्तलिखित रिपॉझिटरीत ठेवण्याची मुभा आहे का, ते प्रकाशकांची धोरणे दाखवणाऱ्या 'ओपन पॉलिसी फाइंडर' (पूर्वीचे शेर्पा रोमिओ) या संकेतस्थळावर तपासावे. माझ्यापुरता क्रम आता उलटला आहे. शहाद्याकडच्या शाळांसाठी केलेली नवी प्रश्नावली मराठी आणि अहिराणीत रिपॉझिटरीत चढली आहे. तिच्यावरचा लेख अजून लिहायचा आहे.