खोपोली की बिडदी? बेळगावातून निघणाऱ्यांसाठी

शाळेला सुट्टी पडायला आठवडा राहिला की बेळगावातल्या आमच्या शहापूरच्या घरात एकच विषय. मुलांना पार्क पाहिजे, आईला देऊळ पाहिजे, बायकोला चार दिवस गॅस पेटवायचा नसतो. गोवा इतका जवळ की त्याला आमच्याकडं कुणी सहल म्हणत नाही. मग उरतात दोन ठिकाणं. पुण्याच्या पुढं खोपोलीचं इमॅजिका, नाहीतर बंगळूरच्या पुढं बिडदीचं वंडरला, दोन्ही राइडची मोठी पार्कं. घरातून हायवेला लागलं की गाडी डावीकडं घालायची की उजवीकडं, एवढाच प्रश्न.

मी दोन्ही केलंय. खोपोली तीन वर्षांमागं एप्रिलात, बिडदी गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत. राइडची यादी नि तिकिटाचे दर तुम्ही मोबाइलवर बघितलेच असणार, त्यात मी पडत नाही.

अंतराचा मुद्दा पहिला संपवूया. खोपोली सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, बिडदी सव्वापाचशेच्या वर. कागदावर खोपोली जिंकते. पण कोल्हापूर ते सातारा रस्त्याचं रुंदीकरण चालू आहे, दर थोड्या अंतरावर वळण येतं. पुढं खंबाटकी, पुणं, मग खंडाळ्याचा घाट. हुबळीच्या पुढं दावणगिरी, चित्रदुर्ग, तुमकूर असं गेलं तर गाडी एका लयीत पळते. तुमकूर रस्त्यावरून नाइस रोडनं, म्हणजे शहराबाहेरच्या टोलच्या रस्त्यानं, म्हैसूर रस्त्याला उतरलं की बंगळूर शहरात शिरावंच लागत नाही. शंभर किलोमीटर जास्त, पण माझी पाठ तिकडं कमी दुखली. हे काही मोजमाप नव्हे, माझ्या पाठीचं मत आहे.

आगगाडीनं जाणार असाल तर बिडदी सोपी. रात्री नऊच्या सुमाराला बेळगावातून गाडी आहे, सकाळी सातच्या आसपास बंगळूरला. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही सुरू झालीय. ती पहाटेच सुटते नि दुपारी दोनच्या आत पोचवते. बिडदीला स्वतःचं स्टेशन आहे, म्हैसूरकडची पॅसेंजर तिथं थांबते. शक्ती योजनेमुळं २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट लागत नाही, हा हिशेब आई दरवेळी मांडते. पण रात्रभर लाल बसनं पाचशे किलोमीटर बसायची तयारी तिचीही नाही.

आता पार्क. इमॅजिका २०१३ चं, बिडदीचं वंडरला २००५ चं. खोपोलीत कोरडं पार्क वेगळं, पाण्याचं वेगळं, तिकिटंही वेगळी. बिडदीत एकाच तिकिटात कोरडं आणि ओलं दोन्ही. लांबून एका दिवसासाठी जाणाऱ्याला बिडदीचं गणित परवडतं, पण त्यात एक मेख आहे. दुपारी पाण्यात उतरायचं म्हणजे सगळ्यांनी कपडे बदलायचे, संध्याकाळी परत बदलायचे, नि ओल्या कपड्यांचं ते जड बोचकं बापानं उचलायचं. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, तेव्हा नायलॉनचे घरूनच घेऊन जा.

वयस्कर माणूस बरोबर असेल तर मी खोपोलीच सांगेन, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. बसून बघण्यासारखं तिकडं भरपूर आहे. ‘आय फॉर इंडिया’त खुर्चीत बसून देशावरून उडल्यासारखं वाटतं. आईचा काशीला जायचा हट्ट त्या काही मिनिटांत पुरा झाला, असं बायको म्हणाली. आई म्हणाली, तसं काही झालेलं नाही. शिवाय रांगेत आजूबाजूला मराठी, त्यामुळं तिनं दोन तासांत नाशिकच्या एका बाईंची सगळी वंशावळ काढली.

बिडदीला ती गप्प बसेल असं मला वाटलं होतं. तिनं आपल्या बेळगावी कन्नडमध्ये शेजारच्या बाईंना “यावूररी?”, म्हणजे कुठल्या गावच्या, म्हणून विचारलं. बाई हसून म्हणाल्या, “बेळगाव साइड का?” इथं आयुष्यभर मराठी म्हणून राहिलेली आई तिथं एका ‘री’वरून उत्तर कर्नाटकाची ठरली. तिला ते आवडलं की नाही, अजून सांगितलेलं नाही.

मोठ्या राइडना दोन्हीकडं उंचीची अट असते, बऱ्याच ठिकाणी १४० सेंटिमीटरची. घरच्या भिंतीवर पेन्सिलनं मोजूनच निघा. खोपोलीत आमच्या थोरलीला दोन बोटं कमी पडली आणि नायट्रो हा रोलरकोस्टर खालून बघावा लागला. बिडदीत तीच मुलगी रिकॉइल नावाच्या रोलरकोस्टरमध्ये पुढं गेली, उलटी मागं आली नि परत रांगेत उभी राहिली. त्यामुळं तिला कुठलं पार्क चांगलं ते विचारण्यात अर्थ नाही. ते मत पार्काचं नाही, मधल्या वर्षांत वाढलेल्या उंचीचं आहे.

आपल्या सीमाभागातल्या लोकांच्या हातात एक हुकमाचा पत्ता आहे, तो फार जण वापरत नाहीत. आपल्या शाळा कर्नाटकाच्या वेळापत्रकानं चालतात. उन्हाळ्याची सुट्टी आपल्याला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच लागते, तेव्हा पुण्या-मुंबईची पोरं परीक्षेला बसलेली असतात. आपली मोठी सुट्टी दसऱ्याला, त्यांची दिवाळीला. म्हणजे एप्रिलच्या मध्यात किंवा दसऱ्याच्या आठवड्यात, मधल्या वारी खोपोलीला गेलात तर तुमच्यासाठी पार्क मोकळं. उलट त्याच दिवसांत बिडदीला सगळ्या कर्नाटकाची पोरं, आणि दसऱ्याला त्यात म्हैसूरला निघालेल्या गाड्यांची भर. या हिशेबानं खोपोलीच घ्यायला पाहिजे. मीही याच हिशेबानं घेतली होती.

पण पुण्यात आमचे नातेवाईक आहेत.

बेळगावातल्या कुठल्या मराठी घराचे नाहीत म्हणा. आमची आत्या कोथरूडला, मावसभाऊ चिंचवडला, बायकोचा भाऊ हडपसरला. नकाशात बघा, तिघांनी पुण्याचे तीन कोपरे वाटून घेतलेत. बुधवारी पोचायचं, हॉटेलात झोपायचं, गुरुवारी सकाळी खोपोली, असा माझा बेत होता. आत्याला फोनवर एवढं सांगितलं मात्र, “हॉटेलात उतरतोस? मग मी बेळगावला आल्यावर लॉजवर उतरू काय?”

उतरलो आत्याकडं. कुंद्याचे तीन डबे नेले होते, पहिल्याच संध्याकाळी चौथा कमी पडला कारण आत्याच्या शेजारणीला बेळगावचा कुंदा आवडतो. जेवताना आत्याची नातवंडं म्हणाली, आम्हालाही खोपोलीला यायचंय. त्यांची परीक्षा शनिवारी संपत होती. आत्या म्हणाली, “मग रविवारीच जावा की सगळी. तीन दिवसांनी काय होतंय?”

काय होतंय ते मला माहीत होतं, पण तिच्या ताटात जेवत असताना वारांचं गणित समजावणं मला जमलं नाही. गुरुवारी हडपसरला जेवण, शुक्रवारी चिंचवडला जेवण, शनिवारी सारसबागेतला गणपती आणि परत आत्याकडं पुरणपोळी. मुलं दररोज सकाळी विचारायची, “पप्पा, आज जाऊया ना?” मी म्हणायचो, आज मामाकडं. धाकट्यानं शेवटी आजीला विचारलं, मामा म्हणजेच पार्क काय.

रविवारी अकरा माणसं, दोन गाड्या. पोहे खाल्ल्याशिवाय निघायचं नाही म्हणून साडेनऊ. एक गाडी हडपसरवाल्यांची वाट बघत थांबली, दुसरी तिची वाट बघत. घाटात रविवारची सगळी मुंबई आणि सगळं पुणं. आत पाय टाकला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते, आणि रविवार म्हणजे रविवार, रांगा असणारच. त्यात पार्काचा काडीचा दोष नाही. पण पाच दिवसांच्या सुट्टीत पार्क अर्धा दिवस, आणि मोकळ्या वारी यायचा तो हुकमाचा पत्ता तसाच खिशात. परतताना सगळे म्हणाले, किती छान झालं सगळे भेटलो. छान झालंच होतं. फक्त ती सुट्टी नव्हती, ती वर्षाची भेटगाठ होती.

बिडदीला आम्ही वंदे भारतनं गेलो, दुपारी बंगळूर, संध्याकाळी बिडदीतल्या साध्या लॉजवर. सकाळी तट्टे इडली खाल्ली. ताटलीएवढी ती एक इडली, वर लोणी, आणि “अजून एक घे की रे” म्हणायला कुणी नाही. गेट उघडायच्या आधी आम्ही गेटवर होतो. गर्दी होती, दसराच होता. ओल्या कपड्यांचं बोचकंही मीच उचललं. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस आमच्या पाच जणांचा होता, आणि घरी आल्यावर कुणाला “तुम्ही येऊन गेलात नि भेटला नाहीत” असा फोन करायची गरज पडली नाही.

तेव्हा कुणी विचारलं तर मी म्हणतो, दोन्ही चांगली. आई बरोबर असेल, पावसाळा नसेल आणि पुण्यात तुमचं कुणी नसेल, तर खोपोलीच करा, जवळही आहे. पावसाळ्यात मात्र घाटाखालचा पाऊस पार्काची सगळी मजा धुऊन नेतो. नातेवाईक असतील तर एक उपाय ऐकून आहे, जाताना कळवायचंच नाही आणि फोटो महिन्यानं टाकायचे. मला ते धाडस व्हायचं नाही. आत्याला कळलं तर पुढच्या चतुर्थीला मोदक मिळायचे नाहीत.

येत्या दसऱ्याला मुलं परत बिडदीच म्हणतायत. बायकोनं काल एक बातमी सांगितली, माझ्या चुलतभावाच्या पोराला बंगळूरला नोकरी लागली, व्हाइटफील्डला खोली घेतलीय. मी लगेच नकाशा काढून बघितला. व्हाइटफील्ड शहराच्या पूर्वेला, बिडदी नैऋत्येला, मध्ये अख्खं बंगळूर. तरीपण तिला सांगितलंय, तारखा एवढ्यात कुणाला बोलू नको.