कॉलबॅकसाठी ॲबस्ट्रॅक्ट टाइप: फोर्ट्रान २००३ च्या एका सोयीचे परीक्षण

संख्यात्मक समाकलन करणारे किंवा समीकरणाची मुळे शोधणारे रूटीन लिहिताना वापरकर्त्याचे फंक्शन बाहेरून घ्यावे लागते; अशा फंक्शनला कॉलबॅक म्हणतात. फंक्शन पाठवणे फोर्ट्रान या संगणकभाषेला कधीच जड गेले नाही. अडते ते त्या फंक्शनला लागणाऱ्या जादा माहितीपाशी. क्वाडपॅकसारख्या समाकलन-रूटीनांच्या जुन्या संग्रहात वापरकर्त्याच्या फंक्शनला केवळ क्ष ची किंमत मिळते. गुणांक, तक्ते, मापदंड हे सारे कॉमन ब्लॉकमधून (रूटीनांनी वाटून घेतलेल्या स्मृतीतून), किंवा नंतरच्या काळात मॉड्यूलमधल्या चलांतून, मागल्या दाराने पोचवावे लागते. अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) तीच चले बदलू लागले, किंवा एका समाकलनाच्या पोटात त्याच फंक्शनचे वेगळ्या मापदंडांचे समाकलन आले, की हा मार्ग धोक्याचा ठरतो.

फोर्ट्रान २००३ मधील ॲबस्ट्रॅक्ट टाइपने, म्हणजे ज्याची थेट वस्तू बनत नाही अशा आराखडावजा टाइपने, ही अडचण मुळातून दूर होते. लायब्ररीच्या मॉड्यूलमध्ये एक रिकामा ॲबस्ट्रॅक्ट टाइप, त्याला बांधलेली एक डिफर्ड प्रोसीजर (जिचा देह नंतर पुरवायचा ती) आणि तिची आर्ग्युमेंटे ठरवणारा ॲबस्ट्रॅक्ट इंटरफेस एवढेच लिहावे लागते. वापरकर्ता तो टाइप एक्स्टेंड करतो (त्यावरून आपला टाइप बनवतो), आपले मापदंड त्याचे घटक म्हणून ठेवतो आणि प्रोसीजरचा देह पुरवतो. फंक्शन व त्याची माहिती एकाच वस्तूत राहत असल्याने आत सिलेक्ट टाइप लिहून माहितीचा प्रकार ओळखत बसावे लागत नाही, आणि प्रोसीजर पुरवायची राहिली तर चूक कंपायलरच दाखवतो. इंटरफेसमध्ये इम्पोर्ट (मॉड्यूलमधली नावे आत आणणारे विधान) लिहायचे राहणे ही मात्र नवख्यांची हमखास अडचण आहे. देह पुरवताना आर्ग्युमेंटांची नावेही मूळ इंटरफेसशी तंतोतंत जुळावी लागतात. हा नियम आधी जाचक वाटतो, पण नावाने आर्ग्युमेंट देण्याची मुभा असलेल्या भाषेत तो रास्तच आहे.

लायब्ररी लिहिणाऱ्याने सर्वाधिक विचार करावा तो वस्तूच्या इंटेंटचा, म्हणजे ती फक्त वाचायची (इन) की बदलायचीही (इनआउट) याचा. इंटेंट इन ठेवला तर वापरकर्ता स्ट्रक्चर कन्स्ट्रक्टर (जागच्या जागी वस्तू तयार करणारी रचना) थेट कॉलमध्ये लिहू शकतो आणि वेगळे चल घोषित करण्याची गरज उरत नाही. पण मग फंक्शन किती वेळा बोलावले गेले हे वस्तूतच मोजून ठेवण्याची साधी इच्छाही पुरी होत नाही. इनआउट ठेवला तर मोजता येते, मात्र कन्स्ट्रक्टर थेट देता येत नाही. इंटरफेस प्युअर (बाहेर कोणताही परिणाम न घडवणारा) ठेवला तर प्रत्येक वापरकर्त्याला प्युअर प्रोसीजरच द्यावी लागते, म्हणजे तपासणीसाठी साधे प्रिंटही टाकता येत नाही. सर्वसाधारण लायब्ररीसाठी मी इनआउट आणि प्युअर नसलेला इंटरफेस हीच निवड करीन.

वेगाचे म्हणाल, तर प्रत्येक कॉल अप्रत्यक्ष असल्याने कंपायलरला तो सहसा इनलाइन करता (कॉलच्या जागी फंक्शनचा देहच बसवता) येत नाही. फंक्शन एका ओळीचे असून लाखो वेळा बोलावले जाणार असेल, तर एका बिंदूऐवजी बिंदूंचा अ‍ॅरे पाठवणारा इंटरफेस ठेवावा.

या सोयीचा खरा दोष शब्दबहुलता हा आहे. टाइपला बांधलेली प्रोसीजर इंटर्नल (दुसऱ्या, यजमान प्रोसीजरच्या पोटात लिहिलेली) असू शकत नाही, त्यामुळे एका ओळीच्या सूत्रासाठीही सहसा मॉड्यूल, टाइप आणि फंक्शन असा सारा संसार मांडावा लागतो. अशा किरकोळ कामाला फोर्ट्रान २००८ ने दिलेली मुभा, म्हणजे इंटर्नल प्रोसीजरच आर्ग्युमेंट म्हणून पाठवणे, अधिक सुटसुटीत आहे. तिलाही मर्यादा आहेत. यजमान प्रोसीजर संपली की तिच्या इंटर्नल प्रोसीजरकडे रोखलेला पॉइंटर निरुपयोगी होतो. शिवाय यजमानाची चले वापरणाऱ्या अशा प्रोसीजरसाठी जीफोर्ट्रान हा कंपायलर पूर्वापार स्टॅकवर ट्रॅम्पोलिन (कॉल पुढे वळवणारा छोटा कोड) रचत आला आहे आणि त्यासाठी स्टॅक एक्झिक्युटेबल असावा लागतो, जे सुरक्षेच्या दृष्टीने अनेकांना चालत नाही. जीफोर्ट्रान ज्याचा भाग आहे त्या जीसीसी या कंपायलर-संचाच्या १४ व्या आवृत्तीपासून काही प्लॅटफॉर्मवर ट्रॅम्पोलिन हीपवर (स्टॅकबाहेरच्या स्मृतीत) ठेवण्याचा पर्याय आला आहे. कॉलबॅक जपून ठेवून पुढे कधीतरी बोलवायचा असेल, तर ॲलोकेटेबल क्लास घटकात (कोणत्याही एक्स्टेंड केलेल्या टाइपची वस्तू मावणाऱ्या घटकात) ठेवलेली वस्तूच भरवशाची.

सी भाषेतील लायब्ररीशी जोडताना मात्र थोडी कसरत आहे, कारण एक्स्टेंड होणारा टाइप बाइंड-सी (सी भाषेशी जुळणारा म्हणून घोषित) असू शकत नाही आणि पॉलिमॉर्फिक वस्तूचा, म्हणजे जिचा नेमका टाइप प्रोग्रॅम चालताना ठरतो तिचा, पत्ता सी-लॉक या फंक्शनने घेता येत नाही. क्लास पॉइंटर पोटात ठेवणारा एक साधा टाइप करून त्याचा पत्ता पुढे पाठवला, की काम भागते.