टीव्हीवरचं स्कॉटलंड: आठ महिने बघून झाल्यावर

'मिल्नगेव्ही' म्हटल्यावर बसचा ड्रायव्हर माझ्याकडे नुसता बघत राहिला. पाटीवर तसंच लिहिलं होतं, माझी काय चूक? शेवटी मागच्या आजींनी सुटका केली, "मलगाय, डिअर." उत्तर ग्लासगोला खेटून असलेल्या या गावाला लिहितात एक, म्हणतात दुसरंच. वेस्ट हायलँड वे ही प्रसिद्ध पायवाट तिथूनच सुरू होते. त्या रात्री घरी येऊन स्कॉटलंडच्या भटकंतीचा एक कार्यक्रम लावला, तो केवळ नावांचे उच्चार कळावेत म्हणून. कर्कूब्री, कलेन... वहीच केली. व्यसन तिथून लागलं.

आम्ही ऑक्टोबरात ग्लासगोला आलो. डिसेंबरात इथे पावणेचारला दिवस मावळतो, त्यामुळे संध्याकाळी करायचं काय हा प्रश्नच असतो. इथे टीव्ही बघायला लायसन्स लागतं, त्याचे वर्षाचे 174.50 पौंड भरताना नवऱ्याने कुरकुर केली होती. आठ महिन्यांनी हिशेब मांडायला बसले आहे, तर पैसे वसूल झाले असंच म्हणेन. पण सरसकट नाही.

सुरुवात नील ऑलिव्हर यांच्या 'अ हिस्ट्री ऑफ स्कॉटलंड'पासून करावी. 2008-09 मधली, तासातासाचे 10 भाग. भटकंती कमी, इतिहास जास्त. मूळचा पुरातत्त्ववाला माणूस, लांब केस वाऱ्यावर सोडून कड्यावर उभा राहून बोलतो. थोडं नाटकी वाटतं, मान्य. पण 1314 ची बॅनकबर्नची लढाई आणि 1707 चं इंग्लंडबरोबरचं विलीनीकरण यांच्या मधे काय काय झालं, याचा सांगाडा एकदा डोक्यात बसला की बाकीचे कार्यक्रम समजायला लागतात. हे आधी न बघता मी तीन आठवडे नुसते किल्ले बघत होते. सगळे सारखेच दिसायचे.

पॉल मर्टन यांची 'ग्रँड टूर्स ऑफ स्कॉटलंड' ही माझी सगळ्यात लाडकी. व्हिक्टोरियाच्या काळातलं प्रवासाचं गाइडबुक हातात घेऊन हा माणूस त्याच वाटांनी फिरतो. अर्ध्या तासाचा एकेक भाग, जेवता जेवता होतो. गंमत अशी की त्यामुळे प्रश्नच बदलतो. 'इथे काय बघायचं' यापेक्षा 'इथे लोक बघायला यायला लागले कधीपासून' हे डोक्यात घोळायला लागतं. 1746 च्या कायद्याने हायलँडमधल्या, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातल्या, पुरुषांच्या टार्टनवर (चौकडीच्या लोकरी कापडावर) बंदी आली, ती 1782 ला उठली. आणि 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तो स्वतःच टार्टन मिरवत! मधे जेमतेम चाळीस वर्षं. दुकानात लटकणारे किल्ट (टार्टनचे पुरुषी घागरे) तेव्हापासून मला वेगळेच दिसतात. लॉख कॅट्रिनचंही तसंच. वॉल्टर स्कॉटच्या 1810 च्या काव्यामुळे तिथे झुंबड उडाली, आणि 1859 पासून त्याच तळ्याचं पाणी ग्लासगोला येतं. म्हणजे आमचा चहा स्कॉटच्या तळ्यातला.

'वेअर्स वे'बद्दल मी लिहायला लागले तर थांबणार नाही. 1976 पासूनचे भाग, रंग विटलेले, आणि लोकरीची टोपी घातलेला टॉम वेअर नावाचा बुटका गिर्यारोहक. ड्रोन नाही की ढणढण संगीत नाही. कुणी भेटलं तर त्याच्याशी गप्पा मारतो, कुणी नसेल तर चालत राहतो. पहिले दोन भाग झोप आली. तिसऱ्यापासून दुसरं काही बघवेना. लॉख लोमंडच्या काठी बालमाहाला त्याचा पुतळा आहे, टोपीसकट. एप्रिलमध्ये खास त्यासाठी गेलो.

'मेन इन किल्ट्स' नवऱ्याची. दोन नट कॅम्परव्हॅनमधून फिरतात आणि सतत एकमेकांची उडवतात. पाहुणे आले की लावायला उत्तम. यापेक्षा जास्त काही नाही.

आता तक्रारी. नाव घेत नाही, पण एका मालिकेत तेच चार-पाच दाढीवाले दर भागात धुक्यातून संथ गतीने तलवारी उपसत येतात. शतक बदलतं, दाढ्या त्याच. बऱ्याच नव्या मालिकांत ड्रोन एकदा वर गेला की खाली यायचं नाव घेत नाही. वरून किल्ला छान दिसतो, पण आत माणूस कुठे झोपत असेल, पाणी कुठून आणत असेल, हे वरून कसं कळणार?

आणि वारा. बॅडबी नावाचं उजाड गाव मी टीव्हीवर बघितलं होतं. कॅथनेसमध्ये, हेल्म्सडेलच्या पुढे, समुद्राच्या कड्यावर. मेंढ्यांसाठी दऱ्या रिकाम्या करताना जमीनदारांनी हुसकावलेली कुटुंबं इथे येऊन राहिली. पोरं आणि गुरं कड्यावरून खाली जाऊ नयेत म्हणून दोरीने बांधून ठेवत, असं सांगतात. पडद्यावर बघताना मला ते जरा रंगवलेलं वाटलं होतं. मे महिन्यात तिथे उभी राहिले आणि जॅकेटची चेन लावता येईना. बोटं चेनवर, चेन तिसरीकडे, नवरा दोन हातांवर ओरडतोय ते ऐकू येत नाही. भिंती गुडघ्याएवढ्या उरल्यात, एका घराची चूल असावी अशा कोपऱ्यात मी खाली बसले तेव्हा कुठे कान मोकळे झाले. कॅमेरावाले माइकला ती केसाळ टोपी घालतात ना, तिच्यात ही सगळी गोष्ट अडकते. त्यांचा इलाज नाही, पण दोरी समजायला वाराच लागतो.

माझी खरी तक्रार मात्र कलोडनची आहे. 16 एप्रिल 1746, सरकारी फौजेने हायलँडरांचं बंड मोडलं ती तासाच्या आत संपलेली लढाई, घराण्यांच्या नावांचे दगड, मग बॅगपाइप आणि भाग समाप्त. मी बघितलेल्या बहुतेक कार्यक्रमांत हायलँडर तिथेच संपतो. आम्ही कलोडन बघितलं (माळाला अगदी लागून गाडीरस्ता आहे, तो पडद्यावर येत नाही) आणि तसेच पुढे फोर्ट जॉर्जला गेलो. हायलँडवर वचक राहावा म्हणून कलोडननंतर बांधायला घेतलेला हा प्रचंड किल्ला 1769 मध्ये पुरा झाला. आत हायलँड रेजिमेंट्सचं संग्रहालय आहे. तिथे सीफोर्थ हायलँडर्सच्या मानचिन्हांत एक हत्ती दिसला, आणि त्याच्यावर शब्द: असई.

माझं माहेर जालना जिल्ह्यातलं. असई आमच्याच जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातली. 23 सप्टेंबर 1803 ला तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर इंग्रज सेनापती वेलस्लीबरोबर ज्या पलटणी चालून गेल्या त्यांत 74वी आणि 78वी या हायलँडरांच्याच होत्या. कलोडनला 57 वर्षं झाली होती. ज्यांच्या आजोबांचा टार्टन काढून घेतला त्यांनाच पलटणीत घालून आमच्या ज्वारीच्या रानात पाठवलं. यावर एक अख्खी मालिका होईल, पण आठ महिन्यांत या विषयावर एक वाक्य माझ्या कानावर आलं नाही.

हत्तीचा फोटो अप्पांना पाठवला. लगेच फोन.

"अगं, हे आपलं असई?"

"हो अप्पा."

"एवढ्या लांब? मग तिकडे टीव्हीवर दाखवतात का?"

"अजून तरी नाही."

"मग पैसे कशाचे भरतेस?"