ठोसेघरचा धबधबा की ओझर्डेचा?

जुलैत पाहुणे आले की हा प्रश्न घरात ठरलेला. आई-आबा किंवा लहान मुलं सोबत असतील, तर मी ठोसेघरच सांगतो. साताऱ्याहून सज्जनगडाच्या वाटेनं गाडी वर चढते, समर्थांचं दर्शनही होतं. धबधबा दरीपलीकडून, कठड्यामागून बघायचा. पाण्याला हात लागत नाही, पण कितीही पाणी वाढलं तरी आपण सुरक्षित. धुकं आलं तर मात्र समोर नुसता आवाज! थांबायचं, घाई करायची नाही.

ओझर्डे वेगळाच. पाटण तालुक्यात, कोयना धरणापलीकडे नवजाजवळ, अभयारण्याच्या दाट जंगलात. पायऱ्या चढून जावं लागतं, जळवा चिकटतात, आणि मग तुषार थेट अंगावर. मला मनापासून हाच आवडतो. पण नवजाचा पाऊस कधीकधी महाबळेश्वरलाही मागे टाकतो. जुलै 2021 मध्ये याच तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळून माणसं गेली. म्हणून अतिवृष्टीचा इशारा असताना तिकडे जाऊच नये. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात जावं. पाणी तेव्हाही भरपूर असतं.

सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. नवजाला कोसळलेलं पाणी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात साठतं, धरणातून सोडलं की कराडला कृष्णेला मिळतं आणि पुढे सांगलीच्या आयर्विन पुलाशी येतं. तिथं 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. पुलाची पातळी चढत असेल, तर ओझर्डेचा बेत त्याच दिवशी रद्द करा.