घरपोच मतपत्रिका: सेवा उत्तम, निवड अपुरी

कॅलिफोर्नियात प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला मतपत्रिका टपालाने घरपोच मिळते आणि परतीच्या पाकिटाला तिकीटही लावावे लागत नाही. सेवा म्हणून ही व्यवस्था मला अत्यंत समाधानकारक वाटते. प्रत्यक्ष निवड मात्र अपुरी आहे. २०१० मध्ये जनमताने मंजूर झालेल्या ‘प्रपोझिशन १४’ या प्रस्तावामुळे गव्हर्नर, आमदार आणि अमेरिकेच्या संसदेचे (काँग्रेसचे) सदस्य यांच्या प्राथमिक निवडणुकीत सर्व पक्षांचे उमेदवार एकत्र उभे राहतात व केवळ पहिले दोघे नोव्हेंबरच्या अंतिम निवडणुकीत जातात, त्यामुळे ग्रीन, लिबर्टेरियन यांसारख्या लहान पक्षांची नावे नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवरून बहुधा नाहीशीच होतात. तिथे वेगळे नाव हाताने लिहिण्याचीही सोय नाही, हे मला सर्वाधिक खटकते. अध्यक्षपदाला हा नियम लागू नसल्याने तेवढी एक जागा या पक्षांना उरते.