नागपूरच्या घरी नेक्स्टक्लाउड : दोन उन्हाळ्यांनंतरचा अभिप्राय

आम्ही पाच जण मिळून एक छोटा दिवाळी अंक काढतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत अंकाचा सगळा मजकूर एका मोठ्या कंपनीच्या मोफत ऑनलाइन खात्यात राहत असे. ऐन ऑगस्टमध्ये, लेख येण्याच्या दिवसांत, त्या खात्याची जागा भरली, लेखकांच्या मेल परत जाऊ लागल्या, आणि जागा विकत घ्यायला बसलो तेव्हा कळले की खाते चार वर्षांपूर्वी अंक सोडून पुण्याला गेलेल्या सहकाऱ्याच्या नावावर आहे आणि त्याचा पासवर्ड त्यालाही आठवत नाही. यात कंपनीचा दोष कमी आणि आमचा गलथानपणा जास्त होता. तरीही पंधरा वर्षांचा अंक दुसऱ्याच्या कपाटात आणि किल्ली तिसऱ्याच्या खिशात, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसले, आणि आम्ही फाइल्स ठेवण्याचे व वाटण्याचे नेक्स्टक्लाउड हे सॉफ्टवेअर घरीच बसवायचे ठरवले.

ज्यांना नाव नवे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्रँक कार्लिचेक यांनी २०१० मध्ये ओनक्लाउड नावाचा प्रकल्प सुरू केला आणि २०१६ मध्ये त्यातून बाहेर पडून सहकाऱ्यांसह नेक्स्टक्लाउड उभे केले. हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, एजीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळते आणि स्वतःच्या यंत्रावर बसवण्यासाठी परवाना शुल्क पडत नाही. ते आपल्या संगणकावर चालते, पण वापरायचे ब्राउझरमधून किंवा मोबाइलच्या अॅपमधून. फाइल्स, दिनदर्शिका, संपर्क आणि ब्राउझरमध्येच उघडणारे ऑफिस अशी नेहमीच्या वापराची बहुतेक साधने त्यात आहेत.

आम्ही त्यासाठी कळफलक बिघडलेला एक जुना लॅपटॉप वापरला आणि सीताबर्डीतून दोन टेराबाइटची हार्ड डिस्क आणून त्याला जोडली. लॅपटॉपचा फायदा असा की त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस असतो. मात्र वीज गेल्यावर राउटरही बंद पडतो हे लक्षात यायला एक वादळी संध्याकाळ जावी लागली, आणि मग राउटरलाही छोटा यूपीएस लावला. यंत्र सरासरी पंधरा वॅट घेते असे धरले तर महिन्याला सुमारे अकरा युनिटमध्ये भागते. खरी अडचण वेगळीच निघाली. घरगुती इंटरनेट जोडण्यांपैकी अनेकांना आता स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, एकाच पत्त्यामागे अनेक घरे असतात, त्यामुळे बाहेरून कोणी आपल्या सर्व्हरचे दार ठोठावूच शकत नाही. त्यावर उपाय म्हणून आम्ही एक लहानसा सर्व्हर भाड्याने घेतला आणि वायरगार्ड नावाच्या सॉफ्टवेअरच्या कुलूपबंद बोगद्यातून त्याला घरच्या यंत्राशी जोडले. फाइल्स घरीच राहतात आणि भाड्याच्या सर्व्हरवरून फक्त कुलूपबंद वाहतूक जाते. ज्याला या परिच्छेदातले निम्मे शब्द अनोळखी वाटले त्याने बसवण्याच्या कामासाठी एखादा जाणकार मित्र आधी गाठावा.

रोजच्या वापरात मला सर्वांत आवडलेली सोय दिसायला अगदी साधी आहे. एखाद्या फोल्डरची अशी लिंक तयार करता येते की ती मिळालेल्या माणसाला आत फाइल टाकता येते, पण आत आधीपासून काय आहे ते दिसत नाही. लेखकांना आम्ही हीच लिंक पाठवतो. लिंकला पासवर्ड आणि शेवटची तारीख घालता येते, त्यामुळे लेख पाठवण्याची मुदत संपली की दार आपोआप बंद होते आणि उशिरा येणाऱ्यांशी वाद घालण्याचे काम आता सॉफ्टवेअरकडे गेले आहे. आमचे नागपूरच्या महाल भागातले मुद्रितशोधक काका सत्तरीच्या पुढचे आहेत, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी एकच प्रश्न विचारला, “मी दुरुस्त केलेलं कोनी पुसत तं नाही ना?” नेक्स्टक्लाउड प्रत्येक फाइलच्या जुन्या प्रती स्वतःहून ठेवते आणि काळानुसार त्या विरळ करत जाते : पहिल्या दिवशी तासागणिक, नंतर महिनाभर दिवसाला एक, आणि त्यापुढे आठवड्याला एक. काकांचे समाधान झाले. एकदा त्यांची दुरुस्ती माझ्याच हातून पुसली गेली तेव्हा आदल्या दिवशीची प्रत दोन क्लिकमध्ये परत आली. ते त्यांना मी अजून सांगितलेले नाही.

ऑनलाइन ऑफिसबद्दल मात्र हात राखून लिहावे लागेल. आम्ही वापरतो ते कोलाबोरा, म्हणजे लिबरऑफिसचाच ब्राउझरमध्ये चालणारा अवतार. यात पान सर्व्हरवर रंगवले जाते आणि त्याची चित्रे तुकड्यातुकड्यांनी ब्राउझरकडे येतात. याचा मराठी माणसाच्या दृष्टीने अर्थ असा की तुमच्या संगणकावर कितीही देवनागरी फॉन्ट असोत, ते सर्व्हरवर नसतील तर उपयोग नाही. आम्ही सर्व्हरवर मुक्ता फॉन्ट बसवला नव्हता, तोवर मांडणीकाराकडे बारा पाने भरणारी कथा ब्राउझरमध्ये चौदा पानांची दिसे आणि कथाकाराला कात्री लावण्याचे पत्र जवळजवळ गेलेच होते. तिघांनी एकाच वेळी लेख उघडला की जुना लॅपटॉप धापा टाकतो, हेही खरे. म्हणून संपादनासाठी आम्ही ब्राउझर वापरतो, पण पाने लावण्याचे काम आपापल्या संगणकावरच करतो.

मराठीत फाइलला नाव देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यायला हवी. आमचा सर्व्हर लिनक्सवर चालतो. लिनक्सच्या फाइल्स साठवण्याच्या नेहमीच्या ईएक्सटी४ रचनेत फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात तीन बाइट घेते, म्हणजे सारा हिशेब जास्तीत जास्त ८५ चिन्हांत आटपावा लागतो. चिन्हे म्हणजे अक्षरे नव्हेत. ‘स्त्री’ हे डोळ्यांना एकच अक्षर दिसते, पण त्यात स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी अशी सहा चिन्हे, म्हणून अठरा बाइट होतात. विंडोजमध्ये मर्यादा बाइटवर नसून चिन्हांवर असल्याने तिथे तेच लांब नाव खुशाल चालते. आमच्याकडे लेखाचे पूर्ण शीर्षक, लेखकाचे नाव आणि पुढे ‘अंतिम दुरुस्तीनंतरची सुधारित प्रत’ असे नाव ठेवण्याची जुनी प्रथा आहे, आणि अशी प्रत्येक फाइल सर्व्हरवर चढायला नकार देई. हा दोष नेक्स्टक्लाउडचा नाही, पण मराठी नावे ठेवणाऱ्यावर ही वेळ रोमन नावे ठेवणाऱ्याच्या मानाने तिप्पट लवकर येते.

बाकी दोन सूचना. पेनड्राइव्हवरच्या फाइल्स थेट सर्व्हरच्या डिस्कवर ओतल्या तर त्या ब्राउझरमध्ये दिसत नाहीत, कारण नोंदवही डेटाबेसमध्ये असते आणि तिला वेगळ्या आज्ञेने पुन्हा मोजणी करायला सांगावे लागते. आणि नवी आवृत्ती घेताना मधली मोठी आवृत्ती ओलांडता येत नाही, एकेक पायरी चढावीच लागते, म्हणून वर्षभर आळस केला तर एक रविवार त्यात जातो.

आता उन्हाळा. नागपूरच्या नवतप्यात बंद खोलीतल्या यंत्राची काय अवस्था होते ते इथल्या वाचकांना सांगायला नको. पहिल्या मे महिन्यात लॅपटॉप गरम होऊन दुपारी आपोआप बंद पडू लागला, तेव्हा मी त्याला कूलरच्या झोतात नेऊन ठेवले. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ती ओलसर हवा माणसाला सुखाची आणि यंत्राला विषारी. जूनच्या पहिल्या आठवड्यात लॅपटॉप बंद पडला तो कायमचाच. पंधरा वर्षांचे अंक आत, आणि साप्ताहिक प्रत काढायला मी दोन आठवडे विसरलेलो. डिस्क काढून घरातल्या विंडोजच्या संगणकाला जोडली तर त्याने ती फॉरमॅट करायची का असे विचारले, कारण लिनक्सची रचना त्याला वाचता येत नाही. हात थरथरला, पण बटण दाबले नाही. मग लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला आणि डिस्क उघडली. काकांच्या नावाचा फोल्डर, त्यात ‘फाइल्स’ नावाचा फोल्डर, आणि त्यात त्यांचा प्रत्येक लेख जसाच्या तसा, नेहमीच्या नावाने, कोणत्याही विशेष सॉफ्टवेअरशिवाय उघडणारा. लिंका आणि वाटणीच्या नोंदी डेटाबेसमध्ये होत्या, त्या मात्र नव्याने कराव्या लागल्या. आम्ही सर्व्हरवरचे एन्क्रिप्शन, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून ठेवण्याची सोय, चालू केले असते तर त्याच्या किल्ल्यांवाचून या फाइल्सही वाचता आल्या नसत्या, हे चालू करण्याआधी प्रत्येकाने समजून घ्यावे.

याहून पुढची कल्पनाही आहे. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा सॉलिड हा प्रकल्प किंवा रिमोटस्टोरेज हा प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी आपसात बोलण्याचे नियम, असे मांडतो की अॅप कुठलेही असो, माहिती आपल्या निवडीच्या कोठारात राहावी आणि अॅपने तिथे परवानगी मागून यावे. विचार मला पटतो, पण आमच्या अंकाला लागणारी अॅप्स मला त्या वाटेवर सापडली नाहीत. नेक्स्टक्लाउडमध्ये अॅप आणि माहिती एकाच यंत्रावर नांदतात, तरी फाइल्स वेबडॅव्हने आणि दिनदर्शिका कॅलडॅव्हने, म्हणजे खुल्या मानकांनी, बाहेर काढता येतात.

एकट्या माणसाला फक्त फोनमधले फोटो ठेवायचे असतील तर हा खटाटोप करण्यास मी सांगणार नाही. पाच-दहा जणांचा गट असेल, त्यात महिन्यातला एक रविवार देणारा एक जण असेल, तर जरूर बसवावे. आमचा नवा सर्व्हर आता आतल्या खोलीत, जमिनीलगत, कूलरपासून लांब आहे. दर रविवारी काकांचा नातू दुसरी डिस्क घेऊन येतो, फाइल्स आणि डेटाबेस या दोन्हींची प्रत घेतो आणि ती डिस्क महालात परत नेतो. यंदाच्या लेखकांना पाठवलेल्या पत्रात मानधनाच्या वर एक नवी ओळ आहे : फाइलचे नाव कृपया चार शब्दांत ठेवावे.