गिरणगावातली १ मेची पदभ्रमंती: शिकागोला अर्धा तास, लोखंड्यांना दोन मिनिटे

कामगार दिनाच्या निमित्ताने मुंबईत निघणाऱ्या एका मार्गदर्शित पदभ्रमंतीला यंदा सहाशे रुपये भरून गेलो होतो. सकाळी साडेसातला हुतात्मा चौकात जमायचे, तिथून बसने लालबागला उतरायचे आणि परळपर्यंत चालत जायचे, असा साडेतीन तासांचा कार्यक्रम होता.

सुरुवात उत्तम झाली. हुतात्मा स्मारकावर मशाल धरून उभे असलेले दोघे शेतकरी आणि कामगार आहेत, हे इतकी वर्षे तिथून बसने जाऊनही माझ्या लक्षात आले नव्हते. त्या पुतळ्याखाली मार्गदर्शकाने शिकागोची हकिगत सांगितली: आठ तासांच्या दिवसासाठी १ मे १८८६ रोजी सुरू झालेला संप, ४ मेच्या रात्री हेमार्केटमध्ये पडलेला बॉम्ब, पुढच्या वर्षी ११ नोव्हेंबरला चौघांना झालेली फाशी आणि १ मे १८९० रोजी देशोदेशी निदर्शने करण्याचा पॅरिसच्या १८८९ च्या परिषदेतला ठराव. मद्रासमध्ये कामगार नेते सिंगारवेलू यांनी १९२३ साली साजरा केलेला भारतातला पहिला कामगार दिनही त्याने सांगितला. कानात घालायला दिलेले यंत्र मात्र अर्ध्या वाटेत बंद पडले आणि पुढचे निवेदन वाहनांच्या आवाजात ऐकावे लागले.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. ज्यांच्यामुळे या गिरणगावाला रविवार मिळाला, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचा उल्लेख चालता चालता उरकण्यात आला. जोतीराव फुल्यांचे हे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबणाऱ्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, म्हणून त्यांनी १८८४ साली परळला सभा घेतली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सादर केला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले, त्यांत दोन स्त्री कामगारही बोलल्या, आणि १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे जगातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार दिनाच्या जेमतेम आठवडाभर आधी मुंबईत ही सभा भरली होती, आणि ती भरवणाऱ्यांना पॅरिसच्या ठरावाची गरज पडली नव्हती. १ मेच्या फेरीत सांगण्यासारखी याहून मोठी गोष्ट कुठली असेल, ते मला सुचत नाही.

पैसे वसूल झाले ते सोबत आलेल्या एका निवृत्त कामगारामुळे. गिरणीच्या त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या विभागात, तीस वर्षे काढलेल्या या गृहस्थांनी प्लास्टिकच्या पिशवीतून आपले पिवळे पडलेले हजेरीचे तिकीट काढून दाखवले, आणि तुटलेला धागा कसा सांधायचा ते हातात धागा नसतानाही दोन बोटांनी करून दाखवले. रविवारी काय करायचा, असे कुणीतरी विचारल्यावर ते म्हणाले, “भोंगा नसायचा, तरी जाग यायचीच.” १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाबद्दल मात्र त्यांनी एक चकार शब्द काढला नाही, आणि मार्गदर्शकानेही आग्रह धरला नाही, हे मला आवडले.

जाणार असाल तर टोपी आणि पाण्याची बाटली घ्या, कारण दहानंतर लालबागच्या रस्त्यावर सावली मिळत नाही. चहा शुल्कात धरलेला नाही. निवृत्त कामगार सोबत येणार आहेत का, हे नोंदणी करतानाच विचारून घ्या. ते नसतील, तर सहाशे रुपये जास्त आहेत.